दानीएलाचं उत्तर कुठे अडलं? घानाच्या मंडळ्यांमधून प्रवास

शुक्रवार, अक्रा

घानाच्या राजधानीत, अक्रात, शुक्रवारी रात्री दहानंतरही रस्ते ओस पडत नाहीत. काखेत जाडजूड बायबल आणि पाठीवर कापडाने बांधलेलं झोपलेलं मूल घेऊन बायका आपापल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दिशेने निघालेल्या असतात. रात्रभर चालणाऱ्या या प्रार्थनेला इथे सगळे 'ऑल-नाइट' म्हणतात. माझा आतेभाऊ टेमाच्या एका पोलाद कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याच खात्यातल्या फोरमनने मला आपल्या मंडळीत न्यायचं कबूल केलं होतं.

मी मूळची अहमदनगरची. घरात ख्रिस्ती धर्म तीन पिढ्यांपासून. नारायण वामन टिळकांची भजनं पाठ आणि रविवारी पाळकसाहेबांचा अर्ध्या तासाचा शांत उपदेश, यावर मी वाढले. आफ्रिकेतले पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर आणि प्रार्थनेने बरं होण्यावर भर देणारे, उपदेशक बायबल कसं उलगडतात, हे मला त्यांच्याच लोकांमध्ये बसून ऐकायचं होतं. घानाच्या २०२१च्या जनगणनेत ७१.३ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं आणि त्यांतला सगळ्यात मोठा गट पेंटेकॉस्टल व करिश्माई (त्याच धाटणीच्या, पण नव्या) मंडळ्यांचा निघाला. देशाच्या लोकसंख्येच्या ३१.६ टक्के! इतकी माणसं दर आठवड्याला जे ऐकतात, ते ऐकायलाच हवं.

पत्र्याचं उंच छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीएवढे स्पीकर. दोन तास गाणी झाली. मग उपदेशक उठला, तिशीतला, घामाने आधीच भिजलेला. तो इंग्रजीत बोलत होता आणि शेजारी उभा दुभाष्या तेच ट्वी भाषेत सांगत होता. एकाने आवाज खाली आणला की दुसराही कुजबुजायचा. एक पुढे धावला की दुसरा त्याच्या मागे.

वचन होतं दानीएल, अध्याय दहा. दानीएल उपास करून प्रार्थना करतो. तीन आठवड्यांनी देवदूत येऊन सांगतो की तुझी प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती, पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला एकवीस दिवस अडवून धरलं आणि मग मीखाएल मदतीला आला. आमच्याकडे हा अध्याय मी कधी व्यासपीठावरून ऐकलेला नाही. कुणी घेतलाच असता, तर पारसाचं साम्राज्य, ग्रंथाचा काळ, दर्शनांची भाषा असं समजावलं असतं.

इथे उपदेशकाने विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांचं उत्तर निघालंय, पण पोचलेलं नाही?"

शेकडो हात वर गेले.

"उत्तर स्वर्गातून पहिल्याच दिवशी निघालं! मग तुझ्या नोकरीचं पत्र कुठे अडलं? तुझा व्हिसा कुणाच्या टेबलावर आहे? बहिणी, चार वर्षं तुझी कूस कुणी धरून ठेवलीय?"

प्रत्येक प्रश्नाला लोक उठून उभे राहत होते. मग त्याने स्तोत्र ३५ उघडायला सांगितलं. हे परमेश्वरा, जे माझ्याशी भांडतात त्यांच्याशी तू भांड, अशी त्याची सुरुवात आहे. वाचन झालं आणि सगळ्यांनी एकदम, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना सुरू केली. कुणी मुठी आपटत होतं, कुणी येरझारा घालत होतं, कुणी अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याने सुचवलेल्या, न शिकलेल्या शब्दांत, बोलत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली मुलगी हातातला पासपोर्ट छताच्या दिशेने उंचावून उभी होती.

पहाटे चारला आम्ही बाहेर पडलो. आपल्याकडे कीर्तनकार एखादा अभंग घेतो, त्याची चरणं फिरवत फिरवत तो ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत आणून सोडतो. दानीएलाचं इथे तसंच झालं होतं. फरक एवढाच की कीर्तनाच्या शेवटी आपण हात जोडून घरी जातो. इथे वचन ऐकून झाल्यावर खरं काम सुरू झालं. पॉल गिफर्ड या अभ्यासकाने आफ्रिकेतल्या अशा उपदेशांबद्दल बरंच लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं, की हे उपदेशक बायबलचा अर्थ सांगून थांबत नाहीत, ते वचन ऐकणाऱ्यावर लागू करून टाकतात. उच्चारलं की ते घडतं, अशी त्यांची धारणा असते. ते वाचलं तेव्हा पटलं होतं. काल रात्री ते डोळ्यांसमोर चाललेलं होतं.

शनिवार, टेमा

दुपारपर्यंत झोप. संध्याकाळी वहिनींबरोबर बाजारात गेले. दुकानांच्या पाट्यांवर बायबल पसरलेलं आहे. विजेच्या सामानाचं दुकान 'यहोवा यिरे'च्या (परमेश्वर पुरवील) नावाचं, केशकर्तनालय 'त्याच्या कृपेने', ट्रोट्रोच्या, म्हणजे इथल्या प्रवासी मिनीबसच्या, मागच्या काचेवर 'स्तोत्र २३'. वाक्ये घेतलं, म्हणजे चवळी घालून शिजवलेला लालसर भात, वर शितो नावाची झणझणीत चटणी.

वहिनी म्हणाल्या, "ताई, इथे कुणी आजारी पडलं की आधी विचारतात, 'कुणामुळे?' मग विचारतात, 'कशामुळे?'" इतकी वर्षं इथे राहून त्यांनी केलेलं हे निरीक्षण मला मोलाचं वाटलं. एकोणिसाव्या शतकात आलेल्या बहुतेक मिशनऱ्यांनी चेटूक, भूतबाधा, पूर्वजांचे शाप ही सगळी अंधश्रद्धा ठरवून बाजूला सारली. लोकांनी मान डोलावली. मग ते रविवारी चर्चमध्ये जायचे आणि मूल तापाने फणफणलं की रात्री गुपचूप देवऋष्याकडे. पेंटेकॉस्टल उपदेशकांनी ती दरी ओळखली. शुभवर्तमानात येशू पानोपानी दुष्टात्मे काढतो, मग आपण ती पानं का ओलांडून जायची, असा त्यांचा सवाल. शक्ती आहेत, पण ख्रिस्त त्यांच्यापेक्षा बलवान आहे, असं त्यांनी सांगितलं आणि लोकांना पहिल्यांदा वाटलं, या पुस्तकाला आपलं घर माहीत आहे.

रविवार, अक्रा

सकाळी शहरातल्या एका मोठ्या करिश्माई मंडळीत. वातानुकूलित सभागृह, तीन मोठे पडदे, सूट घातलेले स्वयंसेवक. अशा मंडळ्यांची लाट १९७०च्या दशकाच्या शेवटी आली. निकोलस डंकन-विल्यम्स नायजेरियातल्या बेनिन सिटीला बेन्सन इदाहोसा या उपदेशकाकडे शिकून आले आणि १९७९ मध्ये त्यांनी अक्रात आपली मंडळी काढली. पुढच्याच काही वर्षांत घाना दुष्काळ आणि मोठ्या टंचाईतून गेला. त्या काळात मोठी झालेली पिढी या सभागृहांत आली. भरभराटीच्या वचनांना इथे एवढा ओलावा का मिळाला, ते त्या वर्षांकडे पाहिल्यावर कळतं.

आजचं वचन बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं, २८:१३. परमेश्वर तुला शेपूट नव्हे, मस्तक करील. "शेजाऱ्याकडे वळा आणि सांगा, मी मस्तक आहे!" माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, टेमा स्टेशनजवळ केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून ते सांगितलं. मग मलाखी ३:१०. पूर्ण दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही, ते पाहा. पडद्यावर मोबाइल मनीचा क्रमांक झळकला. रांगा लागल्या. आधी मोठ्या रकमा देणाऱ्यांना पुढे बोलावलं गेलं.

मला संताप आला, आणि तो इथे लिहायलाच हवा. अनुवाद २८ मध्ये ६८ वचनं आहेत. पहिली चौदा आशीर्वादाची आणि उरलेली चोपन्न शापांची. ती चोपन्न कुणी वाचली नाहीत. मलाखी त्याच अध्यायात, पाचच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांना बजावतो. तेही कुणी वाचलं नाही. केंकेवाल्या बाईंच्या पाकिटातले सेडी त्यांच्या दिवसभराच्या धंद्याचे असणार.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलंच, "मामी, हे देऊन तुम्हाला काय मिळतं?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नवरा गेल्यावर त्याच्या घरच्यांनी मला दारात उभं केलं नाही. बाजारातले पोरगे 'ए म्हातारे' म्हणून हाक मारतात. इथे दर रविवारी देव मला मस्तक म्हणतो. मी सोमवारी टोपली घेऊन जाते, ती मस्तक म्हणूनच जाते."

या उत्तराने माझा राग गेला नाही, पण मला दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या. वचन तिच्यापर्यंत पोचलं होतं, तिच्या नावाने पोचलं होतं. त्यावर पैशाची रांग लावणं हे दुसऱ्या कुणाचं काम होतं. लेगोनच्या ट्रिनिटी थिऑलॉजिकल सेमिनरीतले क्वाबेना असामोआ-ग्यादू स्वतः मेथडिस्ट. त्यांनी आयुष्यभर या चळवळीचा अभ्यास केला आणि तिच्याकडे आफ्रिकी ख्रिस्ती धर्माचं खरं नवजीवन म्हणून आदराने पाहिलं. तरी ज्या उपदेशात यशाचीच गाणी आहेत आणि क्रूसाला जागा नाही, त्यावर त्यांनीच बोट ठेवलं आहे.

करिश्माई मंडळ्यांत सगळे एका साच्याचे आहेत, असं मात्र कुणी समजू नये. मेन्सा ओताबिल यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या इंटरनॅशनल सेंट्रल गॉस्पेल चर्चमध्ये उपदेश वर्गातल्या तासासारखा असतो, लोक वह्या घेऊन बसतात. आफ्रिकेचं दारिद्र्य नुसतं भुतांच्या माथी मारू नका, शिक्षण, संस्था, नेतृत्व, आपल्या सवयी यांच्याकडे पाहा, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले. बायबलमध्ये कूश आणि इथिओपियाची माणसं कुठे कुठे येतात, तेही त्यांनी श्रोत्यांना दाखवून दिलं. नोहाचा मुलगा हाम, त्याच्या शापाच्या नावाने काळ्या माणसाला गुलाम ठरवणाऱ्या वाचनाला यापेक्षा सरळ उत्तर नाही. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप हामाला नाही, त्याच्या मुलाला, कनानाला आहे. पुस्तक उघडून वाचलं की दिसतं.

सोमवार, अक्रोपाँग

अक्रातून अबुरीचा घाट चढलं की हवा एकदम थंड होते. आकुआपेमच्या डोंगररांगेवर गावं एकामागून एक ओळीने वसली आहेत. वाटेत माम्पाँग लागतं. तिथे टेट्टे क्वार्शीने १८७९ मध्ये कोकोची लागवड केली, असं इथला शाळकरी पोरगाही सांगतो.

अक्रोपाँगला स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनची जुनी दगडी घरं आहेत. त्यांचा मिशनरी आंद्रेआस रीस १८३५ मध्ये इथे आला. गोऱ्या मिशनऱ्यांना तापाने इतकं पछाडलं की काम थांबायची वेळ आली. मग १८४३ मध्ये जमैका आणि अँटिग्वाहून काळे मोरावियन (एका जुन्या प्रॉटेस्टंट पंथाचे) ख्रिस्ती लोक आणून वसवले गेले. काळा माणूसही या पुस्तकाचा मालक असू शकतो, हे गावाने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून मान्य केलं, असं इथे सांगतात.

योहान क्रिस्टालर आणि त्याचे आफ्रिकी सहकारी, त्यांत डेव्हिड आसांते आणि थिओफिलस ओपोकू यांची नावं घ्यायलाच हवीत, यांनी संपूर्ण बायबल ट्वी भाषेत आणलं. ते १८७१ मध्ये छापून आलं. क्वामे बेडियाको यांनी उभी केलेली अक्रोफी-क्रिस्टालर संस्था याच गावात आहे. तिथल्या एका प्राध्यापिकेशी अंगणात बसून तासभर बोलले.

त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी आमच्या आजोबांच्या हातात ट्वी बायबल आलं, त्या दिवसापासून मिशनरी जे सांगतो ते खरंच लिहिलंय का, हे त्यांना तपासता आलं. सगळे आफ्रिकी उपदेशक त्या तपासण्यातून जन्मले."

मी म्हटलं, "पण आता उपदेशकाला कोण तपासतं?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "उद्या असामांकेसेला जाताय ना? मग तिथे हाच प्रश्न विचारा."

मंगळवार, असामांकेसे

कोफोरिदुआ, सुहूम, मग डावीकडे वळून कोकोच्या बागांमधला लाल मातीचा पट्टा. असामांकेसे दिसायला साधं बाजारगाव, पण घानाच्या पेंटेकॉस्टल इतिहासाची मुळं इथे आहेत. ही कहाणी मला पूर्ण सांगायची आहे.

पीटर न्यूमन आनिम, जन्म १८९०, बासेल मिशनच्या शाळेत शिकलेले. १९१७च्या सुमाराला त्यांच्या हातात फिलाडेल्फियातल्या फेथ टॅबरनॅकल या मंडळीचं एक मासिक आलं. त्यात लिहिलं होतं की देव आजही प्रार्थनेने आजार बरे करतो, फक्त त्याच्यावर भरवसा ठेवा, औषधाचा आधार सोडा. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे तेव्हाच्या घानात, हजारो माणसं नेली. इस्पितळं थोडी, डॉक्टर त्याहून थोडे. आनिम स्वतः पोटाच्या दुखण्याने आणि नारूने बेजार होते. त्यांनी प्रार्थना केली आणि ते बरे झाले. बासेल मिशनमधून आलेली आपली प्रेस्बिटेरियन मंडळी सोडून त्यांनी असामांकेसेला आपला प्रार्थनागट उभा केला. कुणी गोरा मिशनरी आला नव्हता, कुणी पगार देत नव्हतं. एक मासिक, एक बायबल आणि अंगावर आलेला अनुभव, एवढ्यावर हे उभं राहिलं.

त्यांची वचनं स्पष्ट होती. निर्गम १५:२६ मध्ये परमेश्वर म्हणतो, तुला बरं करणारा मी आहे. याकोब ५ सांगतो, कुणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, ते तेल लावून प्रार्थना करतील. तिथे वैद्याला बोलवा असं लिहिलेलं नाही. आनिमांच्या लोकांनी ते शब्दशः पाळलं.

१९३२ मध्ये या गटात पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा आणि अन्य भाषांचा अनुभव आला. ब्रिटनमधल्या अपॉस्टॉलिक चर्चशी त्यांनी संबंध जोडले आणि १९३७ मध्ये तिथून जेम्स मॅकिऑन हा आयरिश मिशनरी असामांकेसेला येऊन पोचला. थोड्याच दिवसांत त्याला मलेरिया झाला. आनिमांची माणसं त्याच्यासाठी प्रार्थना करत बसली. त्याला अक्राच्या युरोपियन इस्पितळात नेलं गेलं. त्याने औषध घेतलं आणि तो वाचला.

यावरून मंडळी फुटली. आनिमांच्या दृष्टीने, ज्याला आत्म्याच्या कामासाठी बोलावलं त्यानेच वचनावरचा भरवसा मोडला होता. मॅकिऑनच्या दृष्टीने, देव बरं करतो आणि औषधातूनही करतो. १९३८ मध्ये मॅकिऑन विनेबाला गेला आणि १९३९ पर्यंत फूट पक्की झाली. आनिमांची ती ख्राइस्ट अपॉस्टॉलिक चर्च. मॅकिऑनच्या बाजूची पुढे १९६२ पासून चर्च ऑफ पेंटेकॉस्ट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आज ती घानाची सगळ्यात मोठी पेंटेकॉस्टल मंडळी आहे.

गावातल्या एका वृद्ध एल्डरकडे, म्हणजे मंडळीच्या वडिलांपैकी एकाकडे, दुपार घालवली. त्यांचे वडील त्या काळातले. मी अक्रोपाँगचा प्रश्न त्यांना विचारला, उपदेशकाला कोण तपासतं?

"वचन," ते म्हणाले. "आनिम खोटे नव्हते. देवाने त्यांना बरं केलं होतं. पण जे वचन त्यांच्यासाठी आलं, ते प्रत्येक आईच्या तापलेल्या लेकरासाठी तसंच येतं का? माझ्या वडिलांना याचं उत्तर १ तीमथ्यात मिळालं. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्याच्या रुमालानेही रोगी बरे झाले, तो पौल!"

"मग वडिलांनी औषध घेतलं?"

"घेतलं, आणि तेल लावून प्रार्थनाही केली. त्यावरून आजोबा त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत."

मला हा माणूस फार थोर वाटला. बाहेरच्या कुणी विज्ञानाचा दाखला देऊन त्यांना पटवलं नव्हतं. त्यांच्याच घरात, त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या पानावरून हा वाद लढला गेला आणि मिटला. आफ्रिकेतले पेंटेकॉस्टल बायबल भाबडेपणाने वाचतात असं लिहिणाऱ्यांनी असामांकेसेला एकदा यावं.

बुधवार, ओबो

न्कॉकॉपासून क्वाहूचा चढ सुरू होतो. रस्ता वळणावळणांचा, खाली धुकं, वर कातळाची भिंत. ओबो हे त्या पठारावरचं गाव. इथे मी एका बाईच्या नावासाठी आले होते.

अफुआ कुमा. शेतकरीण आणि सुईण, चर्च ऑफ पेंटेकॉस्टची सभासद. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण उपासनेत उभी राहिली की ती ट्वीमध्ये येशूची स्तुती गायची, तीही राजदरबारात अकान (ट्वी बोलणाऱ्या समाजाच्या) सरदारांपुढे म्हणतात त्या स्तुतीच्या थाटात. उपाधीवर उपाधी, पराक्रमावर पराक्रम. तिचा येशू घनदाट अरण्यात शिरणारा शिकारी आहे, ज्या राक्षसाने शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळलं त्याला गाठणारा. तो कोयते परजण्याचा दगड आहे, तो सावली धरणारं दाट रान आहे. तिची ही स्तुती पुढे टिपून घेतली गेली आणि १९८०च्या सुमारास ट्वी आणि इंग्रजीत छापली गेली. आज सेमिनरीत ख्रिस्तशास्त्राच्या तासाला ती अभ्यासतात.

उपदेश म्हणजे व्यासपीठावरचा पुरुष, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. चर्च ऑफ पेंटेकॉस्टमध्ये स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देत नाहीत, आणि ते मला खटकतं. पण गीत आणि साक्ष यांना तिथे वेळेचं बंधन नाही. अफुआ कुमाने त्या मोकळ्या जागेत उभं राहून बायबलचा जो अर्थ लावला, तो कुठल्याही दीक्षित माणसाच्या तोडीचा आहे. तिने ते पुस्तक एकदाही वाचलं नाही, आयुष्यभर ऐकलं.

संध्याकाळी गावातल्या स्त्रियांच्या प्रार्थनेला बसले. एका तरुणीने साक्ष दिली. तिसऱ्या बाळंतपणात रक्त थांबेना, इस्पितळाच्या वाटेवर गाडी बंद पडली, आणि ती स्तोत्र १२१ म्हणत राहिली. मी आपली दृष्टी डोंगराकडे लावते. इथे डोंगर दारातच आहे.

गुरुवार आणि शुक्रवार, कुमासी

कुमासीत बायबल रेडिओवरून येतं. १९९२च्या संविधानानंतर खासगी केंद्रांची वाट मोकळी झाली आणि बघता बघता ट्वी भाषेतल्या उपदेशांनी हवा भरून गेली. टॅक्सीत, केजेटियाच्या बाजारात, लॉजच्या स्वयंपाकघरात, सगळीकडे कुणी ना कुणी संदेष्टा बोलत असतो. लोक फोन करून आपली अडचण सांगतात आणि तो 'दिशा' देतो. हे तेल घे, या स्तोत्राचं इतक्या वेळा पठण कर, इतके दिवस उपास कर.

शुक्रवारी शहराबाहेरच्या एका प्रार्थनाकेंद्रावर गेले. नाव देत नाही. तिथे एका म्हातारीला तिच्याच नातवंडांनी आणलं होतं. घरात दोन मृत्यू झाले होते आणि सुनेला स्वप्नात सासू दिसली होती. उपदेशकाने निर्गम २२:१८ वाचलं. चेटकिणीला जिवंत ठेवू नको, असं ते वचन आहे. मग तो 'बंधनं तोडायला' तिच्या डोक्यावर हात ठेवून ओरडू लागला. ती एक शब्द बोलली नाही. या देशात अशा आरोपांतून जीव गेले आहेत. २०१० मध्ये टेमात एका ७२ वर्षांच्या स्त्रीला चेटकीण ठरवून जाळलं गेलं आणि पकडलेल्यांमध्ये एक धर्मोपदेशकही होता. मागच्या शुक्रवारी रात्री अक्रात ज्या वाचनाने पासपोर्टवाल्या मुलीला बळ दिलं, त्याच वाचनाची ही दुसरी बाजू आहे. अडवणारा 'अधिपती' शोधायचाच असेल, तर कुणाचा तरी चेहरा सापडतो. आणि तो बहुधा विधवेचा असतो, म्हातारीचा असतो, गरिबाचा असतो.

माझ्याबरोबर आलेली परिचारिका स्वतः पेंटेकॉस्टल, रोज पहाटे अन्य भाषेत प्रार्थना करणारी. परत येताना ती थरथरत होती. "पौल इफिसकरांना काय म्हणतो? आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. मग या आजीचं रक्तमांस कशाला धरतात?"

हाच मुद्दा चर्च ऑफ पेंटेकॉस्टच्या आतून मांडला गेला आहे. ओपोकू ओनयिना यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात अकान समाजातल्या चेटुकाच्या समजुती आणि भूत काढण्याच्या प्रथा यांवर डॉक्टरेट केली आणि पुढे २००८ ते २०१८ ते त्या मंडळीचे अध्यक्ष होते. लोकांची भीती खरी आहे हे मान्य करायचं, पण माणसावर ठपका ठेवायचा नाही, असा त्यांचा आग्रह. वरच्या पदावरच्या माणसाने हे बोलायला धैर्य लागतं, कारण मंडळीतली गर्दी बहुतेक वेळा भीतीच्या बाजूने असते.

त्या आजीला नातवंडं रात्री परत घेऊन गेली. परिचारिकेने त्यांचा पत्ता आणि फोन घेतला. पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या गावी जाणार आहे, सुनेला भेटायला.

रविवार, टेमा

चर्च ऑफ पेंटेकॉस्टची छोटी मंडळी, शाळेच्या वर्गात भरणारी. पाळक आज दुसऱ्या गावी होते. अशा वेळी उपदेश एल्डर करतो, आणि इथला एल्डर आठवडाभर बंदरावर क्रेन चालवतो. त्याने पुन्हा दानीएलच घेतला, पण अध्याय पहिला. बाबेलच्या राजवाड्यातलं अन्न नाकारणारी चार मुलं. "तुम्हाला जहाजावरून पेटी उतरवताना कुणी पाकीट पुढे केलं, तर दानीएलाने काय केलं असतं?" पुढच्या बाकावरचे दोघे कस्टमवाले मान खाली घालून ऐकत होते. मग साक्षी, मग गाणी, मग अंगणात परिचारिकांनी मांडलेलं रक्तदाब तपासायचं टेबल. त्यासमोर लागलेली रांग दानपेटीच्या रांगेपेक्षा लांब होती.

उपासनेनंतर एल्डर माझ्याशेजारी येऊन बसला. "तुमच्याकडे आत्म्याचं काम कधी सुरू झालं?"

मी त्याला केडगाव सांगितलं. पंडिता रमाबाई, संस्कृतच्या विदुषी, विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी त्यांनी पुण्याजवळ उभं केलेलं मुक्ती मिशन. तिथे १९०५ मध्ये या मुलींवर पवित्र आत्मा उतरला, त्या रडत, गात, प्रार्थना करत गावोगाव साक्ष द्यायला निघाल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटला १९०६ मध्ये जे सुरू झालं आणि जिथून बरेच पेंटेकॉस्टल आपला इतिहास मोजतात, त्याच्या आधीच हे घडलं होतं. रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी एकटीने सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं.

त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. दोनदा विचारून खात्री करून घेतली. "१९०५? अझुसाच्या आधी? आणि मुली?"

"मुली. बहुतेक विधवा आणि अनाथ."

त्याने खिशातून उपदेशाची वही काढली, तारीख टाकली आणि नाव विचारून विचारून लिहिलं. मग म्हणाला, "आमच्या स्त्रियांच्या सभेला हे सांगायला हवं. कुठलं वचन देऊ?"

मी योएल २:२८ सांगितलं, तुमचे पुत्र आणि तुमच्या कन्या संदेश देतील. त्याने 'कन्या'खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढचं वचनही वाचून दाखवलं, ज्यात दासींवरही आत्मा ओतला जाईल असं आहे. मग त्याने पत्नीला हाक मारून विचारलं, सभेत हा धडा तू घेशील का. ती म्हणाली, घेईन, पण वेळ कमी पडेल, दोन आठवडे द्या.